जुने गळे, नवा ठेका

गाणाऱ्या माणसाने वय झाल्यावर काय करावे, याविषयी आपल्याकडे फारसा वाद नाही. त्याने गात राहावे. दम कमी पडला तर पडला, वरचा षड्ज लागता लागता निसटला तर निसटला. जाणता श्रोता तेवढे पदरात घेतो आणि उरलेल्या सुरांत जी काही मुरलेली गोडी असेल तिला मान डोलावतो. पाश्चात्त्यांच्या लोकप्रिय संगीतात, म्हणजे ज्याला ते ‘पॉप’ म्हणतात त्यात, ही सोय नाही. तेथे म्हातारपण फार लवकर येते. डोक्यावर एकही केस पांढरा नसताना येते. दोन वर्षे एखादे गाणे लोकांच्या तोंडी बसले नाही, की धंद्यातली मंडळी त्या गायकाकडे रिकाम्या आगपेटीकडे पाहावे तसे पाहू लागतात.

१९७५ साल उजाडले तेव्हा ‘बी जीज’ या नावाने गाणाऱ्या तीन सख्ख्या भावांची गत नेमकी अशी झाली होती. थोरला बॅरी गिब २८ वर्षांचा. रॉबिन आणि मॉरिस हे धाकटे जुळे नुकतेच २५ पुरे केलेले. या वयात आपल्याकडचा मुलगा नोकरीत कायम होण्याची वाट पाहत असतो. यांचा मात्र एक उदय आणि एक अस्त होऊनही गेला होता. त्या वर्षी त्यांनी ‘मेन कोर्स’ नावाची तबकडी काढली आणि तीत आपला सगळा बाज बदलून टाकला. तिच्याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते.

आता निमित्तही आहे. जुन्या मंडळींनी पुन्हा अवतरावे, असे दिवस आले आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरात स्वीडनच्या ‘आबा’ या चौकडीने ४० वर्षांच्या मौनानंतर ‘व्हॉयेज’ काढली आणि मधल्या काळात जगात काही घडलेच नाही अशा थाटात ती गायिली. २०२३ च्या ऑक्टोबरात ‘रोलिंग स्टोन्स’ची ‘हॅकनी डायमंड्स’ आली. तिच्यासाठी त्यांनी अँड्र्यू वॉट हा निर्माता घेतला. तो मिक जॅगरहून ४७ वर्षांनी लहान. त्याने त्या जुन्या भांड्यांना आजच्या काळाची कल्हई करून दिली. दोन्ही वेळा आमच्या घरात तोच वाद झाला. थोरली बहीण म्हणे, जुन्यांनी जुनेच गावे, नव्याचा सोस केला की हसे होते. भाचा म्हणे, जो काळाबरोबर बदलत नाही तो संपला. मला विचाराल तर दोघांचेही म्हणणे अर्धेच आहे. बदलताना गायकाने हातचे काय राखले, सोडले काय, आणि जे सोडले त्याची किंमत कोणाच्या खिशातून गेली, हे पाहिल्यावाचून या वादाचा निकाल लागावयाचा नाही. ‘मेन कोर्स’ हे त्याचे फार चांगले उदाहरण आहे. कारण येथे बदल यशस्वी झाला, आणि किंमतही पडली.

आधी थोडी कुळकथा. भावंडांचा जन्म इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधल्या आइल ऑफ मॅन या बेटावरचा. बालपण मँचेस्टरात, गरिबीत. १९५८ साली सगळे कुटुंब बोटीने ऑस्ट्रेलियाला गेले. तेथे क्वीन्सलंडमधल्या रेडक्लिफ गावी मोटारींच्या शर्यती होत. दोन शर्यतींच्या मधल्या वेळात ही पोरे गात, आणि लोक मैदानावर नाणी फेकीत ती वेचून घेत. गाण्याचे पहिले शिक्षण हे. १९६३ साली तिकडेच पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. १९६७ च्या आरंभी ती इंग्लंडात परतली, रॉबर्ट स्टिगवुड नावाचा खटपटी चालक त्यांना भेटला, आणि त्याच वर्षी ‘मॅसॅच्युसेट्स’ हे त्यांचे गाणे इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. गंमत अशी की ते रचले तोवर अमेरिकेतला तो प्रांत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. पुढे १९६९ साली भावाभावांत बिनसले, रॉबिन वेगळा झाला. १९७० मध्ये दिलजमाई झाली. १९७१ साली मोडलेले हृदय कसे सांधावे असा प्रश्न विचारणारे त्यांचे गाणे अमेरिकेत पहिले आले, आणि त्यानंतर उतरंड लागली. १९७३ मध्ये त्यांनी एक संपूर्ण तबकडी तयार केली, ती कंपनीने नापसंत करून बाजूला ठेवली. १९७४ साली हे भाऊ यॉर्कशायरमधल्या बॅटलीच्या क्लबात गात होते. समोरचे लोक जेवत असत. काटेचमचे वाजत असताना विरहगीत गाण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नसेल, त्याला त्या दिवसांची कल्पना यावयाची नाही.

त्यांचे जुने गाणे होते तरी कसे? मला ते आवडते, हे आधीच सांगून टाकतो. चाल फार सुरेख, सहज वळणारी. एकदा ऐकावी आणि तिन्हीसांजेला आपोआप ओठांवर यावी अशी. तिच्यावर तिघांच्या गळ्यांचा मिलाफ. सख्ख्या भावांचे आवाज एकत्र लागले की जी एक वेगळीच झिलई येते, ती शिकून येत नाही. ती एका आईच्या पोटी जन्मूनच यावी लागते. आणि या सगळ्यावर रॉबिनचा आवाज. तो थरथरता, कापरा, दुःखाने पाणावलेला आवाज एकदा ऐकला की विसरणे नाही. गाताना तो एका कानावर हात ठेवी, आपले शाहीर ठेवतात तसा. पण या गुणांभोवती हळूहळू व्हायोलिनांचा इतका पाक जमला, की चिरोटा कोठे आणि पाक कोठे हे कळेनासे झाले. दहा गाण्यांत दहा वेळा कोणी तरी कोणाला सोडून जाई, आणि दहाही वेळा वाद्यवृंद तितक्याच जोराने हुंदके देई. श्रोत्याने तरी किती रुमाल भिजवावेत?

या पाकातून त्यांना बाहेर काढणारा माणूस तुर्की होता. आरिफ मार्डिन त्याचे नाव. जन्म १९३२ सालचा, इस्तंबूलचा. तेथून तो बॉस्टनला संगीत शिकावयास आला आणि पुढे न्यू यॉर्कच्या ‘अटलांटिक’ कंपनीत स्थिरावला. अरेथा फ्रँकलिनसारख्या कृष्णवर्णीय गायिकेच्या गाण्यांवर त्याने काम केले होते. स्कॉटलंडच्या गोऱ्या पोरांच्या ‘ॲव्हरेज व्हाइट बँड’ कडून असा ठेका वाजवून घेतला होता की ऐकणाऱ्याने त्यांच्या रंगाविषयी पैज हरावी. बी जीज मंडळींबरोबर त्याने १९७४ साली ‘मि. नॅचरल’ ही तबकडी केली; ती खपली नाही. दुसरा एखादा असता तर त्याने नमस्कार करून निरोप घेतला असता. मार्डिनने दुसऱ्यांदा हात दिला, हे त्याचे मोठेपण.

जागा बदलण्याची सूचना एरिक क्लॅप्टनची. तोही स्टिगवुडच्याच पदरी होता. फ्लॉरिडात मायामीजवळ समुद्रकाठी ‘४६१ ओशन बुलव्हार’ या पत्त्याचे घर होते. क्लॅप्टनने १९७४ मध्ये तेथे मुक्काम केला होता आणि त्या पत्त्याचेच नाव आपल्या तबकडीला दिले होते. १९७५ च्या आरंभी गिब भाऊ त्या घरात उतरले आणि मायामीच्या ‘क्रायटेरिया’ स्टुडिओत जाऊ-येऊ लागले. पहिली काही गाणी झाली ती जुन्याच वळणाची. स्टिगवुडला ती रुचली नाहीत. रेडिओवर हल्ली काय लागते ते जरा ऐका, अशी त्याची आणि मार्डिनची दोघांचीही सांगी होती. धंद्याच्या माणसाचा सल्ला म्हणून आपण नाक मुरडू. पण कधी कधी धंद्याच्या माणसाचे कान उघडे असतात, आणि कलावंताचे मात्र आपल्याच गोड आवाजाने भरलेले असतात.

पुढची गोष्ट प्रसिद्ध आहे, तरी सांगतो. कारण ती खरी असून गोष्टीसारखी आहे. घरून स्टुडिओकडे जाताना खाडीवरचा ज्युलिया टटल नावाचा लांबलचक पूल लागे. पुलाच्या सांध्यांवरून मोटारीची चाके गेली की ठराविक अंतराने टक्‌टक् असा आवाज होई. रोजचाच आवाज, त्याच्याकडे कोण लक्ष देणार? बॅरीची पत्नी लिंडा हिने तो हेरला आणि नवऱ्याला म्हणाली, ऐकलेत का? त्या टक्‌टकीवर बॅरीने गुणगुणावयास सुरुवात केली. ‘जाइव्ह टॉकिन्’ हे गाणे असे पुलावर जन्मले. दळताना जात्याच्या घरघरीवर ओवी सुचणाऱ्या बायकांच्या देशात या गोष्टीचे नवल वाटू नये.

त्या नावातही एक धडा आहे. भावांची समजूत अशी, की ‘जाइव्ह’ म्हणजे एक नाचाचा प्रकार, आणि त्याला धरून त्यांनी शब्द रचले. मार्डिनने त्यांना सांगितले, की अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या बोलीत त्याचा अर्थ थापा मारणे, गोड बोलून बनवणे असा होतो. भावांनी निमूटपणे शब्द बदलले. ज्याच्या घरचा शब्द घ्यावयाचा त्याला त्याचा अर्थ विचारावा, एवढी नम्रता त्यांच्यापाशी होती. आता गाणे ऐका. सुरुवातीला गिटारची नुसती खरखर, जणू कोणी खिडकीच्या गजावरून काडी ओढीत आहे. मग पायाचा ढोल. मग खर्जातली वाद्यरेघ. ती ब्ल्यू वीव्हर याने सिंथेसायझरवर वाजवली आहे, आणि तिचा तो रबरी, उसळता नाद तोवरच्या बी जीजमध्ये कोठेही सापडणार नाही. व्हायोलिनांचा पत्ता नाही. बॅरीही कंठ फोडून रडत नाही. दातांमागून, श्वासातून, जवळजवळ कुजबुजत गातो. ज्या माणसाने सात वर्षे दर गाण्यात डोळे पुसले, त्याने एकाएकी भुवई उंचावून हसावे, तसे होते.

रेडिओवाल्यांना ही तबकडी पाठवली ती कोऱ्या पांढऱ्या चिठ्ठीची. गाणारे कोण, हे लिहिलेलेच नव्हते. नाव दिसले असते तर ती न ऐकताच बाजूला पडली असती, ही भीती. ज्या नावाने एकेकाळी दारे उघडत, तेच नाव लपवून दाराशी उभे राहण्याची वेळ आली! त्या निनावी गाण्याला लोकांनी कान दिला, आणि १९७५ च्या ऑगस्टात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले.

परंतु माझ्या मते या तबकडीचे खरे मर्म पहिल्याच गाण्यात आहे, ‘नाइट्स ऑन ब्रॉडवे’ मध्ये. एक प्रेमी रात्रीबेरात्री प्रेयसीच्या मागावर अंधारात उभा राहतो, असा त्याचा विषय. (आजकाल अशा इसमाला पोलिसांच्या हवाली करतात, आणि ते योग्यच आहे. पण गाण्यांतल्या प्रेमिकांना निराळा कायदा असतो.) गाणे संपत आले तेव्हा मार्डिनला वाटले, शेवटच्या भागात कोणीतरी वरच्या पट्टीत आरोळ्या द्याव्यात. कोणाला जमेल, असे त्याने विचारले. बॅरी आत गेला आणि त्याने आवाज फेकला. जो आवाज निघाला तो त्याचा त्यालाच ठाऊक नव्हता.

पुरुषाने छातीचा आवाज सोडून डोक्यातून काढलेल्या त्या बारीक, उंच सुराला आपल्याकडे चोरटा आवाज म्हणतात. नावातच नापसंती आहे. घराण्याचे गुरू असा सूर लावणाऱ्या शिष्याकडे कसे पाहतील, हे सांगण्याची गरज नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांनीही पदे गायिली ती आपल्या स्वतःच्या नैसर्गिक गळ्याने. नाजूकपणा आणला तो लगावातून, आवाज चोरून नव्हे. पण अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यात या आवाजाला मानाचे पान होते. ‘टेम्पटेशन्स’चा एडी केंड्रिक्स, कर्टिस मेफील्ड, फिलाडेल्फियाच्या ‘स्टायलिस्टिक्स’चा रसेल टॉम्पकिन्स, ही सगळी पुरुष मंडळी त्या उंच सुरात गात आणि त्यात कोणाला बायकीपणा दिसत नसे, दिसे ती आर्तता. बॅरीने उचलला तो हा सूर. मात्र त्याने तो स्वतःच्या पद्धतीने धारदार केला, त्यात एक प्रकारची तार भरली. आनंदाची किंकाळी आणि दुःखाची किंकाळी यांत ऐकणाऱ्याला फरक करता येऊ नये, अशी ती तार आहे.

आणि याच गाण्याच्या मध्यावर एक विलक्षण गोष्ट होते. ठेका थांबतो. वेग उतरतो. थोडा वेळ भाऊ पूर्वीच्या चालीने, पूर्वीच्या हळव्या स्वरमेळात गाऊ लागतात. जणू नव्या घरात सामान लावता लावता जुन्या घरातला फोटो हाती लागला आणि सगळे काम टाकून माणसे त्याच्याभोवती बसली. मग पुन्हा ढोल सुरू होतो. मला या तबकडीची थोरवी पटवून द्यावयाची झाली, तर मी तो मधला तुकडा ऐकवीन. नवा ठेका जुन्या गळ्याला हुसकावून लावीत नाही. त्याला मधे बसावयास जागा करून देतो.

‘फॅनी’ हे गाणे ज्याने ऐकले नसेल त्याने दिवाळीच्या सुटीत जरूर ऐकावे. येथे तिघांच्या आवाजांचे थरावर थर रचले आहेत. करंजीच्या साट्याचे पदर सुटावेत तसे ते सुटत जातात, आणि शेवटी सूर एकेक पायरी वर चढतो तेव्हा ऐकणाराही खुर्चीतून किंचित उठतो. हे पायऱ्या चढणे आपण ‘हॉल अँड ओट्स’ या जोडीच्या १९७३ च्या तबकडीवरून घेतले, हे वीव्हरने पुढे मोकळेपणी सांगून टाकले. ती तबकडीही मार्डिनच्याच हातची. तेव्हा मामाच्या घरचे भाच्याने नेले, एवढेच म्हणावयाचे.

सगळ्या दहा गाण्यांविषयी असे बोलता येणार नाही. ‘ऑल धिस मेकिंग लव्ह’ मला नुसती गडबड वाटते. ते वगळले असते तर कोणी विचारणा केली नसती. ‘साँगबर्ड’ गोड आहे, पण त्या वेळच्या एल्टन जॉनच्या अंगणातले आहे. ‘कम ऑन ओव्हर’ चांगले; पुढे १९७६ साली ऑलिव्हिया न्यूटन-जॉनने ते आपलेसे केले. आणि मुखपृष्ठाविषयी काय बोलावे! जेवणाच्या चमच्यात स्नान करणारी एक अवस्त्र स्त्री त्यावर रंगवली आहे. ‘मेन कोर्स’ म्हणजे पंगतीतला मुख्य पदार्थ, हा त्यातला विनोद. मुले आजूबाजूला असतील तर ते पालथे ठेवावे.

आता आक्षेपाकडे येतो. हा सगळा बदल बाजारासाठी केला, ही शरणागती होती, असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. बाजारासाठी केला, हे उघड आहे; त्यांना पुन्हा काटेचमच्यांपुढे गावयाचे नव्हते. पण बाजारासाठी केलेली प्रत्येक गोष्ट खोटी असते, हा हिशेब मला मान्य नाही. १८८० पासून चालत आलेल्या किर्लोस्कर मंडळीने १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आणले, तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी पदांना दिलेल्या चाली नव्या होत्या, पूरब अंगाच्या होत्या. साकी-दिंडीवर वाढलेल्या कित्येकांना त्या परक्या वाटल्या असतील. मंडळीला तिकिटे खपवावयाचीच होती. म्हणून ती पदे खोटी झाली का? ज्या गळ्यांत ती उतरली त्यांनी ती खरी करून दाखवली.

बी जीजच्या बाबतीत तर पुरावाच आहे. काळ्या लोकांच्या सोल संगीताचा धागा त्यांच्यात पहिल्यापासून होता. १९६७ चे ‘टू लव्ह समबडी’ हे गाणे रचले तेच ओटिस रेडिंगचा आवाज डोळ्यांपुढे ठेवून. नीना सिमोनने पुढे ते गायिले. मोडलेल्या हृदयाचे ते गाणे अल ग्रीनने १९७२ साली इतक्या संथपणे, इतक्या अंतरंगातून गायिले, की मूळ गाणे त्याच्यापुढे शाळकरी वाटावे. देणे-घेणे आधीच चालू होते. १९७५ मध्ये त्यांनी परक्याचा अंगरखा चढवला नाही. घडी करून पेटीत ठेवलेला आपलाच एक कपडा काढला. मात्र एक गोष्ट बोलून दाखवली पाहिजे. ज्यांच्यापासून तो उंच सूर घेतला त्या मंडळींच्या वाट्याला त्या सुराचे वैभव या भावांइतके आले नाही. भावांनी चोरी केली असे मी म्हणणार नाही. त्यांनी ऋण लपवले नाही. पण बाजाराचा काटा कोणाच्या बाजूला झुकलेला होता, हे न दिसण्याइतके आपण आंधळे नाही.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, म्हणून तो भराभर आटोपतो. १९७६ मध्ये स्टिगवुडच्या कंपनीचा ‘अटलांटिक’शी संबंध सुटला आणि मार्डिनही सुटला. भावांनी क्रायटेरियातला ध्वनिमुद्रक कार्ल रिचर्डसन आणि अल्बी गॅल्यूटेन यांना हाताशी धरून ‘यू शुड बी डान्सिंग’ केले, तेही अमेरिकेत पहिले आले. १९७७ साली ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ हा चित्रपट निघाला. त्याची तबकडी १९७८ मध्ये अमेरिकेत २४ आठवडे पहिल्या क्रमांकावरून हलली नाही. ते वारे आपल्या मुंबईपर्यंत आले: लंडनमध्ये नाव काढलेल्या, मूळच्या बंगलोरच्या बिद्दूने १९८० च्या ‘कुर्बानी’साठी नाझिया हसनकडून एक गाणे गाऊन घेतले, १९८२ मध्ये बप्पी लाहिरींचा ‘डिस्को डान्सर’ आला, आणि गणपतीच्या मांडवापासून लग्नाच्या वरातीपर्यंत तो चौपट ढोल ऐकू येऊ लागला. अति झाले तेव्हा उलटलेही. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून दिला. जमाव मैदानात घुसला, दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या ढिगात डिस्कोशी काही संबंध नसलेल्या काळ्या गायकांच्या तबकड्याही लोकांनी आणून टाकल्या होत्या, असे तेथे काम करणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाने पुढे सांगितले. तेव्हा तो राग नुसता संगीतावरचा होता, असे मानण्यास मी तयार नाही. बी जीजची गाणी रेडिओवरून जवळजवळ हद्दपार झाली. दोन शर्यतींमधल्या वेळात नाणी वेचीत ज्यांचे गाणे सुरू झाले, त्यांची दशा दोन सामन्यांमधल्या वेळात अशी व्हावी, हा योगायोग मला चमत्कारिक वाटतो.

पण मी ज्या किमतीविषयी आरंभी बोललो ती शिकागोची नव्हे. ती घरातली आहे, आणि ती रॉबिनने भरली.

तिघांच्या गाण्यात पूर्वी दोन ध्रुव होते. बॅरीचा मऊ, उबदार आवाज आणि रॉबिनचा तो काचेसारखा, तडकेल की काय अशी भीती घालणारा. या दोहोंच्या ओढाताणीत त्यांच्या जुन्या गाण्यांची जान होती. १९६९ चे भांडणही त्यातूनच पेटले, कोणाचे गाणे तबकडीच्या पुढच्या बाजूला यावे यावरून. ‘नाइट्स ऑन ब्रॉडवे’ च्या शेवटी बॅरीला तो नवा आवाज सापडला आणि तराजू एका अंगाला बसला. ज्या आवाजाने घर सावरले त्यालाच सगळे मागू लागले. चालक मागू लागला, रेडिओ मागू लागला, आणि लोक तर मागणारच. रॉबिन स्वरमेळात उरला, गाणी रचण्यात उरला; पण पुढे येऊन एकट्याने गाण्याची पाळी त्याच्यावर कमी कमी येत गेली. नाचाच्या ठेक्यावर त्याचा कापरा आवाज बसण्यासारखा नव्हता. ज्याला मुळात थरथरावयाचे आहे त्याला तालाच्या चौकटीत किती उभे करणार?

१९८७ मध्ये मार्डिन परत आला आणि ‘यू विन अगेन’ इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. तेव्हाही पुढे बॅरीच होता. रॉबिनने कधी जाहीर गाऱ्हाणे मांडले की नाही, याच्याशी मला कर्तव्य नाही. मी कानांनी ऐकतो ते सांगतो. १९६८ च्या ‘आय स्टार्टेड अ जोक’ मध्ये जो माणूस एकटा उभा राहून सगळे गाणे आपल्या खांद्यावर पेलतो, तो पुढच्या दहा वर्षांत मागच्या रांगेत गेलेला मला ऐकू येतो. मोठ्या भावाच्या कर्तबगारीने कुटुंब वर येते आणि धाकट्याचा छंद हळूच कोनाड्यात जातो, हे आपण घरोघरी पाहतो. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नाही.

मॉरिस २००३ मध्ये गेला, रॉबिन २०१२ मध्ये. ‘मेन कोर्स’ च्या दुसऱ्या बाजूवर ‘कंट्री लेन्स’ नावाचे गाणे आहे. ते कधी पहिल्या क्रमांकावर गेले नाही, कोणत्या चित्रपटात आले नाही, आणि त्याच्यावर नाचताही येत नाही. ते रॉबिन गातो. संथ, उदास, तबकडीतल्या नव्या थाटाशी अगदी फटकून. घाईत असलेले श्रोते ते ओलांडून पुढे जातात. मी ते दोनदा लावतो.